तांडेलाला सॅल्यूट

उत्तनजवळच्या पालीच्या लोकांनी फ्रेडीचा हिशेब केव्हाच करून टाकला होता आणि त्यात शिल्लक काही निघत नव्हती. बत्तीस वर्षं दर्यात राहिला, पण घरी एक बोंबील आणला नाही. असेल नौदलाचा कमांडर, असेल छातीवर रंगीत फितींची रांग. दर्यावरून हात हलवत परत येणाऱ्या माणसाला पालीत जो शब्द आहे तो बायकामुलांसमोर कुणी उच्चारत नाही.

इनेझला, म्हणजे त्याच्या बायकोला, या हिशेबाचं हसू यायचं. ती स्वतः पालीचीच, चार घरं पलीकडची. माणसं तोलायची सवय तिलाही होती, फक्त तिचा काटा जरा बारीक होता. उत्तनच्या शाळेतला हा उंच, कमी बोलणारा पोरगा भाईंदरच्या कॉलेजातून गोव्याच्या नेव्हल अकादमीत गेला तेव्हाच तिने त्याला मनात जमेच्या बाजूला लिहून टाकलं होतं. त्यानंतर विशाखापट्टणम, कोची, पोर्ट ब्लेअर, कारवार आणि परत विशाखापट्टणम. दर बदलीला त्याच काळ्या पेट्या आणि दर क्वार्टरच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या. फ्रेडी नकाशे, तारे आणि भरती-ओहोटी यांच्यात रमलेला; त्याने लहानमोठी किती जहाजं अरुंद खाड्यांतून सुखरूप आत-बाहेर नेली त्याची मोजदाद नौदलाकडे असेल. त्सुनामीनंतर अंदमानात त्याचं जहाज बेटाबेटांवर पिण्याचं पाणी वाटत फिरलं, तिथून तो परत आला तो दाढी वाढलेला आणि गप्प. मग एका छोट्या गस्ती जहाजाची कमांड मिळाली. त्या दिवशी रात्री तो स्वयंपाकघरात एकटाच नाचताना इनेझला सापडला. हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, लेकीला, केलीला, सोडून. केलीने अर्थातच सगळ्यांना सांगितलं.

आता निवृत्ती झाली होती. भाईंदरकडच्या सिल्व्हर पार्कमधल्या फ्लॅटमध्ये केली राहत होती, नोकरीला तिथून सोपं म्हणून. आणि इनेझ नवऱ्याला घेऊन पालीला आली होती, सासऱ्यांच्या घरात, वरच्या दोन खोल्यांत. तिला आता इथून हलायचं नव्हतं. आयुष्यभर सरकारी भिंतींना खिळे ठोकायला परवानगी मागितली. आता स्वतःच्या भिंतीला ठोकायचे होते. अडचण एकच होती. ती खालच्या मजल्यावर राहत होती आणि तिचं नाव पास्कोल.

पास्कोल म्हणजे फ्रेडीचा धाकटा सख्खा भाऊ, घरच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख. दोघांचं घर एक, जिना एक, पाण्याची टाकी एक, आणि गेली अकरा वर्षं बोलणं मात्र शून्य. काही सांगायचं झालं तर पास्कोल आपल्या बायकोला, सिसिलला, मोठ्याने सांगायचा. "वरच्या सायबाला सांग, मोटर बंद कर. टाकी भरली." साहेब दीड हातावर उभा असायचा. मग साहेब इनेझला म्हणायचा, "त्यांना सांग, मोटर बंद केली." दोघी जावा एकमेकींकडे बघायच्या आणि काहीच सांगायच्या नाहीत, कारण सांगायला उरलेलं काही नसायचं.

भांडणाचं मूळ फ्रेडीच्या खरेपणात होतं. अकरा वर्षांपूर्वी पास्कोलने नवी बोट बांधली. ‘देवमाता’. हौसेने रंगवली, पुढच्या टोकाला, नाळेवर, झेंडूच्या माळा घातल्या, फादर आशीर्वाद द्यायला आले, अख्खी पाली किनाऱ्यावर. पास्कोलने मोठ्या भावाला खास बोलावलं, पांढरा युनिफॉर्म घालूनच ये म्हणाला. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं आणि म्हणाले, आता कमांडर साहेब दोन शब्द बोलतील.

कमांडर साहेबांनी दोन शब्दांआधी बोटीला एक फेरी मारली. हात मागे बांधून, वाकून, जशी नौदलाच्या जहाजांवर मारायचा तशी. मग विचारलं, "लाइफ जॅकेटं कुठे आहेत? आग विझवायचा सिलिंडर?" पास्कोल हसत म्हणाला, "घेऊ की." आणि फ्रेडीने सगळ्या गावादेखत, फादरच्या शेजारी उभं राहून, अगदी प्रेमाने सांगितलं, "पास्कोल, या बोटीला मी बंदराबाहेर सोडलं नसतं."

झालं. बाळाच्या बारशाला जाऊन बाळ टिकायचं नाही म्हणण्यासारखंच ते. त्या दिवशी जेवणाची पानं वाढलेली राहिली, आणि पास्कोलचं तोंड जे फिरलं ते फिरलंच.

फ्रेडीला चूक कळली होती, पण माफी मागायला गेला की तो पुन्हा लाइफ जॅकेटांवरच यायचा. "बोलण्याची वेळ चुकली, मान्य आहे," तो म्हणायचा, "पण मुद्दा बरोबर होता." इनेझ म्हणायची, अशी माफी मागण्यापेक्षा घरीच बसा.

आणि आता कोचीच्या एका शिपिंग कंपनीचा निरोप आला होता. नव्या पोरांना शिकवायला माणूस हवा, राहायला घर देतो, महिनाअखेरपर्यंत कळवा.

"मी हो म्हणतोय," फ्रेडी एका सकाळी म्हणाला.

"का?"

"सख्खा भाऊ जिन्यात भेटला की भिंतीकडे बघतो. असं किती दिवस राहायचं? कोचीला निदान परके लोक बोलतात तरी."

इनेझने चहा गाळता गाळता महिनाअखेर किती लांब आहे ते मनात बघितलं. फार लांब नव्हती. मग ती कळशी घेऊन खाली गेली. कळशीची गरज नव्हती. सिसिल नळावर होती.

"सिसिल, केलीला वसईचा किल्ला समुद्रातून बघायचाय."

सिसिल जावेकडे बघून हळूच हसली. "केलीला?"

"केलीलाच."

"आयतवारी बोट उभीच असते. माज्या माहेरचीं पन यायचीं हायत. पन त्याला इचारायला पायजे." ती आत गेली. आतून पास्कोलचा आवाज आला, मुद्दाम जिन्यावर ऐकू जाईल असा. "केली येऊ दे. माजी पोर हाय ती. केलीचा बापूस काय, लाकूड हाय. कुठं पन बसव."

लाकूड यायला तयार होईना. इनेझने केलीकडून फोन करवला. "पप्पा, प्लीज ना, मी सुट्टी टाकलीय," असं केली म्हणाली. रविवारी सुट्टी असतेच, तरी फ्रेडी विरघळला.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे किनाऱ्यावर जमले. ऊन चांगलंच तापलं होतं. फ्रेडीच्या डोक्यावरचे केस नौदलातच संपले होते, म्हणून निघताना इनेझने खुंटीवरची टोपी काढून त्याच्या डोक्यावर बसवली. निळी, शेवटच्या जहाजाचं नाव पुढे भरतकामात असलेली. यात तिचा काही डाव नव्हता. डोकं भाजू नये एवढाच हेतू. एरवी डाव असता तर तिने श्रेय घेतलं असतं.

होडीतून फेऱ्या करत माणसं बोटीवर चढली. आधी सिसिलची माहेरची, मग ऐंशीच्या घरातले बस्त्याव काका, ज्यांना कुणी बोलावत नाही पण जे सगळीकडे असतात. मग इनेझ आणि केली. पास्कोल बोटीच्या पिछाडीला, सुकाणूपाशी, समुद्राकडे तोंड करून बसला होता.

फ्रेडी सगळ्यात शेवटी चढला. काठावरून पाय आत टाकला, तोल सावरला, आणि सरळ उभा राहिला. पाय जुळले. पाठ ताठ झाली. मान पिछाडीकडे वळली आणि उजवा हात टोपीच्या कडेला गेला, तळवा खाली, बोटं चिकटलेली. पास्कोलने त्याच क्षणी वळून बघितलं. क्षणभर हात तसाच होता. मग खाली आला आणि फ्रेडी केलीला विचारू लागला, पाण्याची बाटली घेतलीस का.

बोटीवरच्या सगळ्या माना पास्कोलकडे वळल्या.

"पास्कोल," बस्त्याव काका म्हणाले, "कमांडरनं तुला सलाम ठोकला रे."

पास्कोल उठला. त्याचा चेहरा बघून सिसिलने देवाचं नाव घेतलं. त्याने उजवा हात चड्डीला पुसला, वर नेला, मधेच विचार बदलला, आणि त्याच हाताने शेजारची फळी थोपटली.

"ये दादा. इथं बस."

फ्रेडी गेला आणि बसला. इतकं सोपं होतं ते, आणि त्याला अकरा वर्षं लागली. बोट निघाली. फ्रेडी अवघडून इकडेतिकडे बघत होता आणि बघता बघता त्याची नजर छपराच्या खाली गेली. तिथे नारिंगी लाइफ जॅकेटं टांगली होती, ओळीने, मिठाने पांढरटलेली.

"ही कधी घेतलीस?"

"दुसऱ्याच आटवड्यात," पास्कोल पुढे बघत म्हणाला. "सिलिंडर पन हाय. पन ते सांगायला तुज्याशी बोलायला लागलं असतं."

फ्रेडी हसायला लागला. पास्कोल हसणार नव्हता, पण खांदे हलायला लागले. केली आईच्या कानाला लागली. "मम्मी, पप्पांनी सॉरी म्हटलं? असं? सॅल्यूट करून?"

"बघितलंस ना तू," इनेझ म्हणाली, आणि वसईच्या किल्ल्याकडे बघत राहिली.

कारण तिला माहीत होतं. लग्नानंतर तिने कितीतरी बंदरांत, कितीतरी जहाजांच्या शिडीवर हे पाहिलं होतं. नौदलाचा माणूस जहाजावर पाय ठेवतो तेव्हा पिछाडीच्या डेककडे बघून सॅल्यूट करतो. तिथे कॅप्टन उभा असो, कावळा बसलेला असो की कुणीच नसो. माणसाला नाहीच तो, जहाजाला आहे. आणि डोक्यावर टोपी नसेल तर नौदलवाले सॅल्यूट करत नाहीत. फ्रेडीच्या पायाला डेक लागलं, डोक्याला टोपी लागलेली होती, बाकीचं हाताने परस्पर उरकलं. दारात चपला काढाव्या तसं. पास्कोल नेमका तिथे बसलेला होता, एवढंच.

संध्याकाळपर्यंत ही बातमी पालीच्या गल्ल्यांतून स्कूटरवर बसून उत्तनपर्यंत गेली. कमांडरने तांडेलाला सॅल्यूट केला. काही ठिकाणी तर तो गुडघ्यावरही बसला होता. पास्कोल बाजारात काही काम नसताना दोनदा जाऊन आला.

आणि दिवेलागणीला जिना वाजला. पास्कोल वर आला, हातात भली मोठी सुरमई, मागे सिसिल. तो खुर्चीवर नीट बसला नाही, नुसता टोकावर टेकला.

"दादा, तू मोटा. तरी तू सगळ्यांच्या देखत नमलास. मी धाकटा असून तोंड फिरवलं. चूक माजी पन हाय."

फ्रेडीच्या कपाळाला आठी पडली. "नमलो? पास्कोल, मी…"

"आधी चहा घ्या," इनेझ म्हणाली.

"नाही, पण मी कधी…"

"बिस्कीट घ्या."

"इनेझ, तो म्हणतोय…"

"सिसिल, सुरमईचं डोकं कालवणात टाकू की तळू?" इनेझने एवढ्या मोठ्याने विचारलं की पास्कोलनेच उत्तर दिलं. कालवणात. फ्रेडीच्या तोंडात बिस्कीट होतं तोवर पाहुणे जिना उतरूनही गेले.

मग फ्रेडी पाणी प्यायला आणि त्याने बायकोकडे बघितलं. "तो सॅल्यूट त्याला नव्हता."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"टोपी मीच घातली ना."

"मग तू बोलली का नाहीस?"

"का बोलू? भाऊ परत मिळतोय. मिळाला तसा घ्या, पावती कशाला मागता?"

फ्रेडी खिडकीपाशी गेला. हा त्याच्या स्वभावातला कठीण कोपरा होता. इनेझला तो चांगला ठाऊक होता. "तो उद्या गावभर सांगणार की मी त्याची माफी मागितली. मी मागितलेली नाही. बत्तीस वर्षांत लॉगबुकात मी एक ओळ खोटी लिहिली नाही."

"हे लॉगबुक नाही, फ्रेडी. घर आहे. तुमच्या खरं बोलण्याने अकरा वर्षं खाल्ली. आता अजून किती खायची?"

फ्रेडीने खिडकीची कडी लावली. याचा अर्थ तो ठरवून मोकळा झाला होता. इनेझने सुरमई कापली ती जरा जास्तच जोराने, आणि मनातल्या मनात काळ्या पेट्या माळ्यावरून खाली उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पास्कोल अंगणात जाळं सांधत बसला होता. आजूबाजूला वाळत घातलेल्या मासळीचा वास आणि दोनचार शेजारी, कालचीच गोष्ट पुन्हा ऐकायला आलेले. फ्रेडी जिना उतरला. इनेझ मागोमाग उतरली, कारण बुडायचंच असेल तर निदान बघत बुडावं.

"पास्कोल, एक खरं सांगायचं आहे." शेजाऱ्यांनी पाय दुमडले; आता कुणी उठणार नव्हतं. "काल मी जो सॅल्यूट केला तो तुला नव्हता. आमच्यात जहाजावर चढलं की पिछाडीला सॅल्यूट करायचा असतो. तिथे कोण आहे ते बघायचं नसतं. सवयीने हात गेला. तू माफी समजलास. ती माफी नव्हती. तुला फसवल्यासारखं वाटायला नको म्हणून सांगतोय."

जाळ्यातली सुई थांबली. सिसिलने पदर तोंडाला लावला. बस्त्याव काकांनी कानामागे हात धरला आणि विचारलं, "काय बोल्ला?"

पास्कोलने सुई जाळ्यात खोवून ठेवली. मग त्याने विचारलं, "सगळ्या बोटींवर करता?"

"नाही, जहाजांवर. नौदलाच्या."

"मोट्या? इमानं उतरतात तसल्या?"

"मोठ्या काय, लहान काय. जहाज असलं की झालं."

"आनि गेल्या म्हैन्यात भाईंदरवरनं वसईला बोटीतनं गेलास, केलीच्या गाडीसकट. तवा केलास?"

"नाही."

"टोपी नव्हती आसल," एक शेजारी म्हणाला.

"हीच टोपी होती," इनेझच्या तोंडून निघून गेलं. "मीच घातली होती. नाही केला." तिला स्वतःलाच कळेना ती कुठल्या बाजूची साक्षीदार आहे.

"का न्हाय केलास, दादा?"

"अरे, ती फेरीबोट. गाड्या नेणारी. सॅल्यूट फक्त…" फ्रेडी थांबला. इनेझने त्याला थांबताना पाहिलं आणि ती एक पाऊल पुढे आली.

"फक्त काय?"

"फक्त जहाजाला असतो," फ्रेडी हळूच म्हणाला.

पास्कोलने जाळं मांडीवरून बाजूला केलं आणि उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. त्याला दोन्ही एकदम करायची सवय नसावी, कारण दोन्ही वेडंवाकडं होत होतं.

"अकरा वर्सां आदी तू सगळ्यांच्या देखत बोल्लास, ह्या बोटीला मी बंदराभायेर सोडलं नसतं. लोकांना वाटलं माजा अपमान झाला. माजा न्हाय झाला रे. माजं काय, मला तू लहानपनी पन मारलास. बोटीचा झाला. माफी मागितलीस असं वाटलं तवा बरं वाटलं, खोटं का बोलू. पन तोंडदेखली माफी कोन पन मागतो. तुजा हात तुला न इचारता वर गेला. बत्तीस वर्सां ज्यानं जहाजं बगितली, तो हात." त्याने नाक पुसलं. "म्हंजे देवमाता जहाज हाय."

फ्रेडीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. नौदलाच्या व्याख्येप्रमाणे, लांबी आणि टनभाराप्रमाणे, देवमाता काय आहे हे त्याला अचूक माहीत होतं, आणि ते तो आता सांगेल असं तिला वाटलं.

"हो," फ्रेडी म्हणाला. "आहे."

मग त्याने भावाला मिठी मारली, मासळीच्या वासासकट, आणि अकरा वर्षांपूर्वी बोलायचे राहिलेले ते दोन शब्द बोलला. "चुकलो रे." या वेळी जॅकेटांचं नाव निघालं नाही.

"काय झालं?" बस्त्याव काका विचारत होते.

"पास्कोलची बोट जहाज निघाली," कुणीतरी त्यांच्या कानात ओरडलं.

यातून पालीत एक नवंच प्रकरण सुरू झालं. सलाम माणसाला नसून बोटीला असतो हे कळल्यावर बाकीचे तांडेल अस्वस्थ झाले. एकेक जण येऊन इनेझपाशी चौकशी करू लागला, साहेब मोकळे आहेत का, आमच्या बोटीवर सहज एकदा पाय ठेवतील का, आणि येताना टोपी घालतील का. मुद्दाम करता येत नाही, असं फ्रेडी परोपरीने सांगायचा. तरी बस्त्याव काकांच्या मुलाने त्याला बोलावून नेलंच. फ्रेडी चढला, अर्धी पाली किनाऱ्यावर. हात निघाला, छातीपर्यंत आला, आणि कानामागे खाजवून खाली गेला. यावर दोन पक्ष पडले आहेत. पास्कोलचं म्हणणं, खाजवला. काकांच्या मुलाचं म्हणणं, अर्धा सॅल्यूट धरावा.

महिनाअखेरीला कोचीहून फोन आला तेव्हा इनेझ भिंतीत खिळा ठोकत होती. कंपनीचा माणूस अदबीने इंग्रजीत विचारत होता, कमांडर साहेबांचा निर्णय काय झाला, ते आहेत का.

"साहेब समुद्रावर गेलेत," इनेझ म्हणाली.

पलीकडे गोंधळ झाला. निवृत्त झाले ना ते? कुठल्या जहाजावर?

इनेझने जहाजाचं नाव सांगितलं. त्याने लिहून घ्यायला पुन्हा विचारलं, तर तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि परत कधी येतील म्हटल्यावर हातोडी उचलत म्हणाली, "संध्याकाळी, जेवायला."